आधी बबन चढेल

बबनची उंची पाच फूट दोन इंच. डाव्या खांद्यावर सिमेंटच्या मालाने भरलेलं घमेलं, पायात रबरी स्लीपर, डोक्यावर हेल्मेट असलं तर असलं. तो कुणाच्या पोटी जन्माला आला नव्हता. ग्रेटाबाय लोपीस यांनी त्याला माणिकपूरच्या आमच्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर घडवला होता.

आमचं ऑफिस परांचीची ड्रॉइंग्ज काढायचं. इमारत बांधताना किंवा दुरुस्त करताना बाहेरून पाइपांचा जो सांगाडा उभा करतात, ती परांची. साइटवर सगळे स्कॅफोल्डिंगच म्हणतात. सॉफ्टवेअर परदेशी होतं. परांचीचं मॉडेल तयार झालं की त्यातून चालवून बघायला त्यात एक आयता माणूस मिळायचा. सहा फुटी, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या, दोन्ही हात मोकळे. ग्रेटाबायनी त्याला आल्या आल्या हाकलला. "हा इथे काय करतोय? फिरायला आलाय?" असं म्हणून त्यांनी त्याच्या जागी बबन बसवला.

मग तोच नियम झाला. कुठलंही ड्रॉइंग ऑफिसबाहेर जाण्याआधी बबन खालपासून वरपर्यंत चढायचा. आडव्या पाइपाला त्याचं घमेलं अडलं तर ड्रॉइंग परत. फळी आणि भिंत यांच्यात त्याचा पाय जाईल एवढी फट दिसली तर परत. शिडी संपते तिथे त्याला धरायला काही नसेल तर परत. ग्रेटाबाय माउस हलवत पुटपुटायच्या, "अडकला गरीब. आता हा काय करणार? घमेलं टाकणार की जीव टाकणार?" ऑफिसातली मुलं त्यांच्या मागे उभी राहून जीव मुठीत धरून बघायची. आपल्या ड्रॉइंगची चूक निघेल या भीतीने बघत असतील, पण बबन वर पोचला की त्यांनाही हायसं वाटायचं हे मी पाहिलं आहे.

समीर नावाचा एक ड्राफ्ट्समन होता. तो एकदा चहा घेताना म्हणाला, "बाय, आज शनिवार आहे. बबनला सुट्टी द्या."

"बबनला सुट्टी नसते," त्या म्हणाल्या. "त्याला नाक्यावरून उचललाय. सुट्टी घेतली तर उद्या दुसऱ्याला उचलतील."

मी त्या ऑफिसात लिहिण्याच्या कामावर होते. उभ्या परांचीवर एक लेबल लावलेलं असतं. ते फोनने स्कॅन केलं की त्या परांचीचं ड्रॉइंग उघडतं आणि त्याबरोबर कामगारांसाठी सूचना. त्या सूचना मराठीत आणि हिंदीत लिहायचं काम माझं. मी नालासोपाऱ्याची. आमच्या घरात पत्रकं आधी आली आणि टीव्ही फार उशिरा. वडील युनियनचे, पत्रकांच्या घड्या घालत मी अक्षरं शिकले. साहजिकच माझी पहिली सूचना अशी होती: 'कामगार बंधूंनो! आपला जीव ही आपली सर्वात मोठी संपत्ती आहे. असुरक्षित परांचीवर चढण्यास ठामपणे नकार द्या!'

ग्रेटाबायनी ती वाचली. केसांत खोचलेला चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि परत वाचली.

"कॉम्रेड," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं. "माणूस तिसऱ्या माळ्यावर एका हाताने पाइप धरून हे वाचणार आहे. 'ठामपणे'पर्यंत पोचायच्या आधी पडेल तो."

त्यांनी सगळं खोडलं आणि लिहिलं, 'फळी हलते? चढू नको.'

मला राग आला. तो बरेच दिवस टिकला. पण त्यानंतर मी जे काही लिहिलं, त्यात त्या वाक्याहून बरं वाक्य मला सापडलेलं नाही, आणि ते माझं नाही.

ग्रेटाबाय पन्नाशी ओलांडलेल्या. उमेळ्याच्या. मान दुखते म्हणून गळ्यात पट्टा, आणि मान दुखते कारण आयुष्यभर वर बघितलेलं. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या, ओळखीची माणसं, खड्डे, काही दिसायचं नाही. कुठे पाइप बांधलेले दिसले की थांबल्याच. त्यांची बहीण म्हणायची, चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालू असताना सगळे गुडघ्यावर असतात आणि ही छताला टेकू कुठे आहे ते बघत असते. ड्रॉवरमध्ये सुकेळीचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं. रागावल्या की एक सुकेळं तोंडात टाकायच्या, म्हणजे पुढचा मिनिटभर बोलता येऊ नये. तो मिनिट संपायची वाट सगळं ऑफिस बघायचं.

अशा बाईला यंत्रांचा तिटकारा असेल असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तसा तो असावा अशी माझी इच्छा होती. माणसाच्या बाजूने आणि यंत्राच्या विरुद्ध उभं राहायची मला लहानपणापासून सवय. पण ग्रेटाबायना यंत्रं मनापासून आवडायची. इमारतीचे लाखो ठिपके टिपून तिचा हुबेहूब नकाशा करणारा लेझर स्कॅनर ऑफिसात आला, तेव्हा त्या तो पहिल्यांदा आपल्या गावच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. सणाआधी चर्च रंगवायचं होतं, त्याची परांची त्या फुकट करून देणार होत्या. तिपाईवर यंत्र फिरायला लागलं आणि मिस्सा सुटली. बाहेर आलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं, फोटो काढतायत. त्या पदर सारखे करून चर्चच्या दाराशी ओळीने उभ्या राहिल्या. यंत्राचं काम व्हायला वेळ लागतो; त्याही हलल्या नाहीत. ऑफिसात मॉडेल उघडलं तर चर्चच्या पायाशी ठिपक्यांच्या सात-आठ म्हाताऱ्या. समीर त्या पुसायला लागला तर ग्रेटाबायनी त्याचा हात धरला. "राहू दे. वजन नाही त्यांचं."

मी एकदा विचारलं, एवढा विश्वास कसा ठेवता या पडद्यावर?

"विश्वास नाही गो. पूर्वी मुकादमाच्या अंदाजावर परांची उभी राहायची. अंदाज चुकला की माणूस जायचा आणि मुकादम गावी जायचा. चूक कुठे होती ते कुणालाच कळायचं नाही. आता पाइपावर भार जास्त झाला की पडद्यावर तो लाल होतो. सगळ्यांना दिसतो. लाल रंगावर तुझ्यापेक्षा माझा जास्त भरवसा आहे, कॉम्रेड."

आमचे मालक हेमंतभाऊ. ग्रेटाबायच्या हाताखाली शिकून पुढे मालक झालेले, म्हणून त्या त्यांना अरे-तुरे करायच्या आणि ते त्यांना 'बाय' म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. धंदा वाढत होता, वसईपासून विरारपर्यंत जिकडे बघाल तिकडे जुन्या इमारतींची दुरुस्ती निघालेली, आणि प्रत्येक ठेकेदाराला ड्रॉइंग काल हवं असायचं. एक दिवस हेमंतभाऊंनी नवं सॉफ्टवेअर आणलं. त्याला इमारतीचं स्कॅन द्यायचं, बटण दाबायचं; ते स्वतःच परांची रचतं, स्वतःच भार तपासतं आणि नको ते पाइप काढून टाकतं.

"चहा संपेपर्यंत सहा पर्याय देतं, बाय," हेमंतभाऊ म्हणाले.

"आणि बबन?"

"बबनची गरजच नाही. ते सगळे लोड स्वतः धरतं."

"बबन म्हणजे लोड नाही, हेमंत."

पण ग्रेटाबायनी हट्ट केला नाही. रविवारची मिस्सा झाली की येऊन बसायच्या आणि कुणाहीपेक्षा आधी त्यांनी ते सॉफ्टवेअर आत्मसात केलं. त्यांचं मत असं झालं की ते हुशार आहे, पण विचारलं तेवढंच सांगतं. "सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं," त्या म्हणाल्या. त्यात वाऱ्यासाठी एक चौकोन होता: परांचीवर जाळी आहे की नाही? खूण केली नाही तर ते समजायचं की वारा पाइपांतून आरपार जाईल; मग परांची भिंतीला धरून ठेवणारे टाय निम्मे पुरतात असं सांगून ते मोकळं. आणि आपल्याकडे तर प्रत्येक परांचीला हिरवी जाळी असते. ग्रेटाबायचं आजोळ पाचूबंदरचं. लहानपणी त्या मामाच्या होडीत बसलेल्या. त्या मुलांना सांगायच्या, "जाळी लावली की परांचीचं शीड होतं. शीड कुठे जातं? वारा नेईल तिकडे. दोर कोण धरतं? टाय." मुलं मान हलवायची. ठेकेदाराचा फोन आला की चौकोन रिकामा सोडायची.

आता सहीबद्दल सांगायला हवं. ड्रॉइंगवर इंजिनिअरची डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या वस्तूत असते. ती कॉम्प्युटरला लावायची, पासवर्ड टाकायचा, झाली सही. नियमाने ती वस्तू ज्याची त्याच्याकडे असावी. पण आपल्याकडे रीत अशी की सगळ्यांच्या सह्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये एका डब्यात राहतात आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून पासवर्ड लिहिलेला असतो. माणूस रजेवर गेला म्हणून काम अडायला नको. कागदावरची सही करायला निदान हात तरी लागायचा. या नव्या सहीला माणूस नसला तरी चालतं, आणि हे कुणाला विचित्र वाटत नाही, याचंच मला आजही सर्वात जास्त वाईट वाटतं.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. मी लिहिलेल्या हिंदी सूचना कामगारांना कळतात का ते बघायला आम्ही दोघी तुळिंजला गेलो. तिथल्या एका सात मजली इमारतीची दुरुस्ती चालू होती. ड्रॉइंग ग्रेटाबायचंच. रिक्षातून उतरलो आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

परांचीवर, जाळीच्याही वर, तीन माळे झाकेल एवढा फ्लेक्स लावला होता. एका स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस. हात जोडलेला तो, आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोएवढी रांगच्या रांग डोकी. चारी बाजूंनी तारेने आवळलेला. खाडीकडून वारा सुटला होता. फ्लेक्स फुगायचा आणि त्याच्याबरोबर सगळी परांची भिंतीपासून बोटभर बाहेर यायची, मग परत आत जायची. वर माणसं प्लॅस्टर तोडत होती.

ग्रेटाबायनी लेबल स्कॅन केलं. ड्रॉइंग उघडलं. त्यांनी काढले होते त्याच्या निम्मेच टाय. जाळीचा चौकोन रिकामा. फ्लेक्सचा तर प्रश्नच नाही. जगातल्या कुठल्या सॉफ्टवेअरला पुढाऱ्याचा वाढदिवस माहीत असणार? आणि खाली सही. ग्रेटा लोपीस. तारीख गेल्या रविवारची.

"ही सही माझी आहे," त्या हळू म्हणाल्या. "मी केलेली नाही."

पर्समध्ये सुकेळी होती. त्यांनी हात घातला नाही. मुकादमाला हाक मारली. "यादव, सगळ्यांना खाली घे."

यादव आमच्या ऑफिसला ओळखत होता. तो घाईघाईने फोन घेऊन आला. "मॅडम, तुमच्याच ड्रॉइंगने बांधलंय. हे बघा. सही आहे ना तुमची?"

खोटं तर नव्हतं. ग्रेटाबाय त्याच्या फोनकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या सांगतील, ही सही माझी नाही, मला फसवलंय. मी त्यांच्या जागी तेच केलं असतं, आणि मोठ्या आवाजात.

"आहे," त्या म्हणाल्या. "जिची सही आहे तीच सांगतेय. उतरव."

माणसं उतरायला लागली. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर आले. पावसाच्या आत काम संपवायचं आहे, तुम्ही कोण थांबवणाऱ्या, इथपासून सुरुवात झाली. फ्लेक्सला मात्र हात लावायचा नाही, परवाच वाढदिवस आहे.

"मग त्यांनाच वर बसवा वाढदिवसाला," ग्रेटाबाय म्हणाल्या. "जागा आहे. हवा पण छान आहे."

यादवला हसू आलं. त्यांनी त्याला फ्लेक्सच्या खालच्या तारा सोडायला सांगितल्या. तो तयार होईना. त्याला दुसऱ्या दिवशी याच नाक्यावर उभं राहायचं होतं. ग्रेटाबायनी पक्कड त्याच्या हातातून घेतली, पहिल्या फळीवर चढल्या आणि हात पोचत होता तेवढ्या तारा स्वतः सोडल्या. मग यादवने बाकीच्या सोडल्या. खालची बाजू मोकळी झाली, फ्लेक्स फडफडत वर उलटला आणि शुभेच्छुकांनी पुढाऱ्याचं तोंड झाकलं. परांची हलायची थांबली.

मोटरसायकलवर पोरं यायला वेळ लागला नाही. "कोणी सोडलं हे?"

"मी. लोपीस. उमेळ्याची. ड्रॉइंगवर नाव आहे, वाचून घ्या."

त्या पोरांना काय करावं सुचेना. हातात पक्कड, गळ्यात मानेचा पट्टा आणि आवाजात शाळेतल्या बाईंचा तोरा. अशा बाईला शिवी देणं त्यांना जमलं नाही. पोरं फोन लावायला बाजूला गेली. संध्याकाळपर्यंत यादवने राहिलेले टाय मारून घेतले. ग्रेटाबाय तोवर तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हेमंतभाऊ ओरडले नाहीत. ते फार दमलेले दिसत होते. "बाय, कुणाकुणाचे फोन आले ते मी सांगत नाही. तुम्ही मला आधी विचारायचं होतं."

"तू मला विचारलंस सही करताना?"

"सह्या आपण सगळ्यांच्याच करतो. तुम्ही मिस्साला होता. ठेकेदाराला घाई होती." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि झालं का काही? नाही ना झालं? इमारत उभी आहे, माणसं कामावर आहेत."

"तीच माझी पंचाईत आहे, हेमंत," ग्रेटाबाय म्हणाल्या. "माझं काम बरोबर झालं की काहीच होत नाही. मग मी तुला काय दाखवू? माझी सही दे."

हेमंतभाऊंनी ड्रॉवर उघडला. डब्यात दहा-बारा जणांच्या सह्या एकमेकींत अडकून पडलेल्या. त्यांतून त्यांनी चिकटपट्टीवरचं नाव वाचून एक काढली, पण हातात ठेवली. "बाय, ही ऑफिसात राहिली तर तुम्ही ऑफिसात. घरी नेलीत तर मला दुसरा इंजिनिअर बघावा लागेल. मी धमकी देत नाही. मला रोज ड्रॉइंग्ज पाठवायची असतात."

ग्रेटाबायनी हात पुढे केला. एवढंच. त्यांचं कुठलंही भाषण मला आठवत नाही, कारण त्यांनी ते केलं नाही. भाषण मी केलं, जिन्यात, त्यांच्या मागे धावत. खटला करू, पेपरात देऊ, पत्रक काढू. त्या स्कूटरला किल्ली लावत होत्या.

"काढ पत्रक," त्या म्हणाल्या. "पण 'भांडवली व्यवस्था' लिहू नको. लिही, चढायच्या आधी टाय बघा. आणि टाय कसा दिसतो त्याचं चित्र काढ."

मी काढलं. तुळिंजच्या नाक्यावर सकाळी उभं राहून वाटलं. काहींनी नीट घडी करून खिशात ठेवलं. एकाने विचारलं, "ये नहीं दिखा तो क्या करने का? घर जाने का?" त्याचं उत्तर माझ्या वडिलांच्या कुठल्याही पत्रकात मला सापडलं नाही.

ग्रेटाबायनी ती जुनी सही रद्द करून घेतली. नवी नोकरी मिळेना. या धंद्यातली ऑफिसं एकमेकांना ओळखतात, आणि 'त्या सही ऑफिसात ठेवत नाहीत' एवढं वाक्य पुरलं. शेवटी त्यांना परदेशातल्या एका कंपनीचं काम मिळालं, घरबसल्या, लॅपटॉपवर. तिकडच्या इमारतींच्या परांच्या त्या उमेळ्यात बसून करतात. पगार इथल्यापेक्षा बरा.

मी गेल्या महिन्यात भेटायला गेले. दुपारची वेळ. व्हरांड्यातलं टेबल त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. शेजारची केळीची वाडी विकली गेली होती आणि तिथे इमारत उभी राहत होती, पार कंपाउंडला चिकटून.

"तिकडे बघत नाही मी," त्या चहा देताना म्हणाल्या. "बघितलं की काम होत नाही."

"तिकडचं काम कसं आहे?"

"छान आहे. विचारलं ते सगळं खरं सांगतात. बर्फाचं वजन धरावं लागतं फळ्यांवर. आता मी बर्फ बघितलाय फक्त मासळी बाजारात." त्या हसल्या. "सगळं हिरवं येतं पडद्यावर. कंटाळा येतो."

त्यांचा कॉल सुरू झाला. त्या हेडफोन लावून इंग्रजीत बोलायला लागल्या. मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात शेजारून फळी घसरून खाली आपटल्याचा आवाज झाला. आणि वर कुणाची तरी हाक.

ग्रेटाबायचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हेडफोन टेबलावर ठेवला आणि सपाता न घालताच अंगणात गेल्या.

चौथ्या माळ्यावर एक माणूस फळी गेलेल्या जागी दोन पाइपांवर दोन पाय ठेवून उभा होता. ग्रेटाबायनी खालून त्याला हाक मारली. वरून कुणीतरी विचारलं, "कौन चिल्ला रहा है?"

"कोई नहीं. बाजूवाली आंटी है."

"ए, हिलना मत!" ग्रेटाबाय कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहून ओरडल्या. "फळी मांगो ऊपर से, पहले फळी!"

"आंटी, साहब को बोलो ना," दुसरा हसत म्हणाला.

"साहब खडा है क्या पाइप पे? तू बोल मत, तू फळी दे उसको!"

हसणं थांबलं. वरून फळी सरकली. ग्रेटाबायनी एक हात भिंतीवर टेकला होता आणि दुसऱ्या हाताने हवेत त्याला दाखवत होत्या, डावा पाय आधी, हळू, आता धर. तो माणूस त्यांच्याकडे न बघता, पण त्यांनी सांगितलं तसाच, एकेक पाय ठेवत होता.

मागे टेबलावरच्या हेडफोनमधून कुणीतरी त्यांचं नाव घेऊन दोनदा विचारलं, आवाज येतोय का.